विणकामाचं पान

तारानाकीला मी गेले ती पुष्पाताईंच्या मालिकांना कंटाळून. पुष्पाताई म्हणजे माझी भाची केतकी हिच्या सासूबाई. वर्षातले सहा महिने त्या इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला मुलाकडे राहतात, आणि ते सहा महिने दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पुण्यातल्या घराघरांतली भांडणं चालू असतात. खिडकीतून हिरवीगार टेकडी दिसते. तिच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची पुष्पाताईंनी स्वतः निवडली आहे. चिपळूणहून पाहुणी आलेली मी, पंधरवडाभर सहन केलं. मग एकदा जेवताना केतकीचा नवरा निखिल म्हणाला की त्याला कामासाठी तीन दिवस तारानाकी भागात जायचं आहे, आणि मी वाटीतली आमटी संपवायच्या आत सांगून टाकलं, "मी येते."

"मावशी, तिथे बघण्यासारखं काही नाहीये हां," निखिल म्हणाला. "छोटं गाव आहे. गॅसचा प्लांट आहे आणि गाई आहेत."

"इथे तेवढंही नाही."

केतकीने खाली मान घालून पोळी तोडली. टीव्हीचा आवाज मोठा असल्यामुळे बाकी कोणाला काही ऐकू गेलं नाही.

निखिल हॅमिल्टनमधल्या 'ते रापा' नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत आहे. ठिकठिकाणची यंत्रं तपासून तो अहवाल लिहितो. या वेळचा अहवाल कशाबद्दल, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गावाचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. तशी अट आहे; ती कोणी घातली ते पुढे येईल.

हॅमिल्टन सोडलं की गाई सुरू होतात आणि मग संपत नाहीत. पुढे रस्ता एका घळीत शिरतो आणि नदीबरोबर वळणं घेत समुद्रावर निघतो. मोकाऊ नावाच्या टीचभर वस्तीत निखिलने गाडी थांबवली. तिथलं व्हाइटबेट फ्रिटर (काडीसारखे बारीक, पारदर्शक मासे घातलेलं ऑम्लेट) खायलाच हवं, असं त्याला ऑफिसातल्या कोणीतरी बजावलं होतं. चिपळूणच्या बाईला माशांचं अप्रूप नाही. पण हे मासे डोळ्यांसकट तळलेले होते आणि बशीतून आपल्याकडे बघत होते. निखिल शाकाहारी नाही. ते डोळे बघून झाला. त्याचंही मीच खाल्लं.

गावाच्या अलीकडे संध्याकाळच्या दुधासाठी निघालेला कळप आडवा आला. निखिल फोटो काढायला उतरला आणि नव्या बुटांनिशी शेणात घोट्यापर्यंत गेला. कळपामागून चार चाकांच्या बाइकवर आलेली मुलगी "स्वीट अ‍ॅज" (झकास, काही हरकत नाही) म्हणाली आणि पुढे गेली. त्यात स्वीट काय होतं ते निखिलला शेवटपर्यंत कळलं नाही. तेवढ्यात तारानाकीचा डोंगर दिसला, लहान मुलाच्या चित्रातल्यासारखा सरळ त्रिकोणी, वर बर्फाची टोपी. मी चष्मा पुसेपर्यंत तो ढगात गेला आणि आम्ही परत निघेपर्यंत बाहेर आला नाही. त्याच्या जागी, कुरणांच्या पलीकडे, प्लांटच्या चिमणीवरची ज्योत दिसत होती. ती मात्र ढगात जात नाही.

आमचं मोटेल म्हणजे एका ओळीत बांधलेल्या बैठ्या खोल्या. मालकीण हेदर, सत्तरीची, लोकरीची टोपी, हातात धुतलेल्या चादरी. "किआ ओरा," (नमस्कार) ती म्हणाली, आणि किल्ली द्यायच्या आधी निखिलच्या पायांकडे बघितलं. तो पायपुसण्यावर बूट घासत होता.

"दुरुस्तीची माणसं एक रात्र राहतात आणि बूट पुसत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही तीन रात्रींचं बुकिंग केलंय. म्हणजे बंदच करणार ना प्लांट?"

निखिलने "वेदर छान आहे" असं काहीतरी उत्तर दिलं. पाऊस पडत होता.

खोलीत गेल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, प्लीज. कंपनी शुक्रवारी स्वतः सांगणार आहे. तोपर्यंत तुम्ही कोणाला काही बोलू नका."

"मला काही माहीतच नव्हतं," मी म्हणाले. "हे आत्ता तू सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी तो प्लांटवर गेला आणि मी हेदरला शोधत मोटेलच्या मागे, कपडे धुण्याच्या खोलीत गेले. दोन वॉशिंग मशीनच्या मध्ये एक छपाईचं छोटं यंत्र होतं आणि शेजारी कागदांची रिमं. शाईचा वास आला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. चिपळूणला आमचा छापखाना आहे. आता लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतो, पण बरीच वर्षं तिथून एक साप्ताहिक निघत असे आणि त्याची प्रुफं मी वाचलेली आहेत. हे सांगितल्यावर हेदरने हातातली उशीची खोळ खाली ठेवली.

"मग तुला सात नंबर दाखवते," ती म्हणाली.

सात नंबरची खोली छत गळतं म्हणून भाड्याने जात नाही. तिथे पलंगावर, प्लास्टिकखाली, गावातल्या आधीच्या दोन वर्तमानपत्रांचे बांधीव अंक निजवलेले होते. एवढ्याशा गावाला दोन वर्तमानपत्रं कशी परवडली, तर ती गावासाठी नव्हतीच.

पहिलं वर्तमानपत्र तेलाच्या आधी आलं. हे वाक्य मी पुन्हा लिहीत नाही, तुम्ही हवं तर पुन्हा वाचा. किनाऱ्यावरच्या खडकांतून तेलाचा तवंग येतो, एवढ्या भांडवलावर एका गृहस्थाने कंपनी काढली, तिचे शेअर विकायला वर्तमानपत्र काढलं, आणि मग राहिलंच म्हणून विहीर खणायला घेतली. वर्गणीदार गावात थोडे, विलायतेत जास्त. त्यांना दर आठवड्याला एकच ओळ वाचायची असे: 'खोदकाम समाधानकारक चालू आहे.' जुळाऱ्याने (शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करणाऱ्याने) डोकं चालवलं. तीच ओळ दर आठवड्याला कशाला जुळवायची? ती सुतळीने बांधून त्याने बाजूला ठेवली आणि प्रत्येक अंकात उचलून बसवू लागला. आमच्या छापखान्यात 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी बांधून ठेवलेली असायची, त्यामुळे मला हे लगेच समजलं. फरक एवढाच, की आमच्याकडे लग्न खरोखर व्हायचं.

विहीर कोरडी निघाली. तिच्यावरचा लाकडी मनोरा उतरवून त्याच्या फळ्यांचा गोठा झाला. ओळ चालूच राहिली, कारण जुळाऱ्याला कोणी काही सांगितलं नाही आणि संपादक आपलं पत्र वाचत नसे. शेवटी गोठ्याच्या मालकाने संपादकांना लिहिलं: आपल्या समाधानकारक खोदकामात मी रोज पहाटे गाईंची धार काढतो, कृपया नोंद घ्यावी. ते पत्र छापलं गेलं. त्याच्या खाली ती ओळ होती.

दुसरं वर्तमानपत्र या खोटेपणाच्या रागातून निघालं. त्याचा संपादक दारू न पिणारा, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, सत्यवचनी मनुष्य. या गावाखाली तेल नाही, असं तो दर आठवड्याला छापत असे. छापतच होता, तोवर त्याच्या कचेरीच्या मागच्या अंगणात, पाण्यासाठी पाडलेल्या आडाला तेल लागलं. पुढच्या अंकातला अग्रलेख हेदरने मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात म्हटलं होतं की आडातला पदार्थ म्हणजे कोणा निष्काळजी शेजाऱ्याने ओतलेलं दिव्याचं तेल असावं. गाव आडावर बादल्या घेऊन उभं होतं आणि संपादक त्यांना सांगत होता की बादलीत काही नाही. तेही पत्र बंद पडलं.

"एक आशेने मेलं, दुसरं हट्टाने," हेदर म्हणाली. "म्हणून तिसऱ्याने तेलाचं नावच घेतलं नाही."

तिसरं म्हणजे तिचं. गॅसचा मोठा साठा सापडला तेव्हा परगावचे कामगार बसगाड्या भरभरून आले. मोटेलं झाली, पबमध्ये रांगा लागल्या. त्या गर्दीत हेदरच्या सासूने हे साप्ताहिक सुरू केलं ते एका नियमावर: तेल आणि गॅस याबद्दल एक अक्षर नाही, बरं नाही आणि वाईटही नाही. लॉनवरच्या चेंडूंचे सामने, हरवलेली मांजरं, सापडलेली मांजरं, चर्चमधला रोपांचा बाजार. एकदा विद्यापीठातून कोणी अभ्यासक आला आणि आठवडाभर फायली चाळून चिडून गेला. त्यांच्यावरून असं दिसत होतं म्हणे, की हे गाव केकवर चालतं.

दुसरा नियम छपाईच्या आदल्या दिवसाचा. छापलेल्या अंकाच्या घड्या घालायला गावातली मंडळी येतात, त्यांना हेदर सगळा अंक आधी मोठ्याने वाचून दाखवते. पूर्वी कधीतरी एका जिवंत माणसाची मृत्युवार्ता छापली गेली होती, तेव्हापासून ही खबरदारी. एखादी बातमी कोणाला नको असेल तर ती काढायची, वाद घालायचा नाही. रिकाम्या जागेत विणकामाचा नमुना टाकायचा. त्यामुळे गाव अंक हातात आल्यावर आधी विणकाम बघतं. बाळाचे मोजे असले तर कोणाचं तरी किरकोळ भांडण. हातमोजे असले तर घटस्फोट. मग फोन सुरू होतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत न छापलेली बातमी सगळ्यांना पाठ असते.

"मग छापायचं कशाला?" मी विचारलं.

"तेच," हेदर म्हणाली. ती प्लास्टिक नीट पांघरत होती. "या वेळी मी प्लांटची बातमी लिहिली आहे. चार ओळी. माझ्या खोल्या प्लांटच्या माणसांवर चालतात. तो गेला की मोटेल जाईल, मग अंकही जाईल. पहिली दोन्ही खोटं बोलत मेली. माझ्याने नुसतं मांजरांवर मरवत नाही. एकदा खरं छापते, आणि पुढच्या आठवड्यात निरोपाचं लिहिते."

"लोक छापू देतील?"

"रॉस देणार नाही," ती म्हणाली.

रॉस दुपारी भेटला. निवृत्त ड्रिलर, बाहेर गार वारा, आणि हा अर्ध्या चड्डीत, पायात जॅन्डल्स (रबरी चपला). इथली पहिली गॅसची विहीर खणणाऱ्या टोळीत तो होता, आणि अंकाच्या घड्या घालणाऱ्यांचा तो मुकादम. मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत गावातली म्हातारी मंडळी टेबलाभोवती बसली होती. रॉस मोठी ॲल्युमिनियमची किटली घेऊन फिरत होता आणि कप अर्धा झाला की न विचारता भरत होता. चहा म्हणजे कोमट पाणी, त्यात फ्रिजमधलं दूध. पाहुणीने नाही म्हणू नये म्हणून मी दोन कप घेतले.

हेदर उभी राहून वाचू लागली. एक पोपट हरवला होता. सभागृहाच्या संडासाला रंग द्यायचा होता.

"कुठला रंग?" एका आजींनी विचारलं.

"हिरवा."

"मागच्या वेळी पण हिरवाच म्हणालात आणि निळा दिला."

"तो हिरवाच होता, जोन. तुला मोतीबिंदू होता."

सगळे हसले. हेदरने पान उलटलं आणि त्याच आवाजात वाचलं: "प्लांट बंद होणार आहे. कंपनीने अजून सांगितलेलं नाही. गावाला माहीत आहे. या अंकालाही माहीत असावं, म्हणून छापत आहोत."

कोणी हललं नाही. सगळ्यांचे हात आपापल्या कपावर होते आणि सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, ही इथली दुखवट्याची रीत असेल. तेवढ्यात रॉस किटली घेऊन माझ्यापाशी आला. तिसरा कप माझ्याने जाणार नव्हता. बोलून ती शांतता मोडायची नाही, म्हणून आपल्याकडे चार घरी चहा झालेली बाई करते तेच मी केलं. कप बशीत पालथा घातला.

खोलीने श्वास सोडला. खरंच सोडला, मी ऐकला. हेदर क्षणभर कपाकडे बघत राहिली, मग तिने पेन उचललं.

"बरं," ती म्हणाली. "काढते. नमुना कुठला घालायचा? टी-कोझी (चहाच्या किटलीवर घालायची लोकरीची टोपी)?"

"टी-कोझीने काय होतंय," जोन म्हणाली. "याला पूर्ण स्वेटर लागेल. बाह्यांसकट."

"एक मिनिट," मी म्हणाले. "काय काढता?"

"तू कप पालथा घातलास," रॉस म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "म्हणजे ही बातमी नको."

"माझा काय संबंध?"

"तुझं माणूस आहे ना प्लांटवर? ज्याच्या घरचं असतं त्याचा हक्क पहिला."

मी सगळ्यांकडे बघितलं. इतकी सुटका झालेली तोंडं मी परीक्षा पुढे ढकलली गेल्यावरच पाहिली आहेत. प्रत्येकजण कोणीतरी कप पालथा घालेल याची वाट बघत होता, आणि ते कोणीतरी आपण नको होतं. परक्या देशातल्या बाईने ते केलं, प्रश्न मिटला. निखिलचाही मिटला असता. मला फक्त गप्प बसायचं होतं. हेदर माझ्याकडे बघत नव्हती. पेन कागदावर टेकवून उभी होती.

मी कप सरळ केला आणि रॉसपुढे धरला.

"आमच्याकडे याचा अर्थ फक्त 'चहा पुरे' असा होतो," मी म्हणाले. "पण पुरे नाही झाला. ओत."

"नक्की?"

"काठोकाठ."

त्याने ओतला. दूधही त्यानेच घातलं, जरा जास्तच. मी तो सगळ्यांसमोर शेवटपर्यंत प्यायले. तेवढ्या वेळात दुसरा कोणाचा कप पालथा होऊ शकत होता. झाला नाही. रॉसने स्वतःचा रिकामा कप हातात घेतला, आत बघितलं आणि खिडकीत ठेवला. सरळ.

"पुढे," हेदर म्हणाली. "सापडलेली मांजरं."

संध्याकाळी निखिलला मी सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला.

"मावशी, तुम्हाला म्हटलं होतं काही बोलू नका."

"मी बोललेच नाही. चहा प्यायले."

बुधवारी सकाळी यंत्र सुरू झालं. शेजारच्या मशीनमध्ये टॉवेल फिरत होते. घड्या घालायला मीही बसले. या कामात माझा हात जलद आहे, आणि रॉसने ते दोनदा बघून न बघितल्यासारखं केलं. दुपारपर्यंत अंक सगळ्या घरांच्या टपालपेट्यांत पोचला. मी हेदरबरोबर फोनजवळ जाऊन बसले. आता गाव खवळणार, असं आम्हा दोघींनाही वाटत होतं.

फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: या आठवड्यात विणकाम नाही का? नाही म्हटल्यावर पलीकडून समाधानाने 'बरं बरं' यायचं. मी कोपऱ्यावरच्या डेअरीत (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) साखर आणायला गेले, तर गल्ल्यावरचे गुजराती भाई हसून म्हणाले, "बेन, आ वखते पॅटर्न नथी. एटले बधुं बराबर." (या वेळी नमुना नाही, म्हणजे सगळं ठीक.)

त्यांच्यासमोरच अंक पडला होता. मी त्या चार ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी वाचल्या.

"हा, ए तो खबर छे," (हो, ते तर माहीतच आहे) ते म्हणाले आणि साखर पिशवीत घातली.

हेदरला हे सांगितलं तेव्हा ती वॉशिंग मशीनवर बसली आणि इतकी हसली की डोळे पुसायला तिने गिऱ्हाइकाचा टॉवेल घेतला. गावात पहिल्यांदा तेल-गॅसबद्दल खरं छापून आलं होतं, आणि विणकाम नव्हतं म्हणून ते कोणाला बातमी वाटलं नव्हतं.

गुरुवारी आम्ही निघालो. निखिलचे बूट परत शेणाने भरले होते. या वेळी त्याने पुसले नाहीत. रॉस गाडीपाशी आला आणि माझ्या हातात कागदी पिशवी दिली. आत चहाची पुडी होती. "तुझ्या पद्धतीने कर," तो म्हणाला, "आणि नको असेल तेव्हा तोंडाने सांग."

शुक्रवारी कंपनीने जाहीर केलं. निखिलला कोणी काही विचारलं नाही. त्या गावाचा अंक गावाबाहेर कोणी वाचत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुष्पाताईंनी टीव्हीवर जाहिराती लागल्यावर विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, डोंगर. केतकीच्या मुलीने विचारलं, "वॉज इट बोरिंग, आजी?" तिला मराठीतून सगळं सांगायला बसले, आणि ती ऐकत बसली, त्यावरून वाटलं की हे लिहावं. लिहून झाल्यावर हेदरला फोन लावला आणि तिच्या नियमाप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत वाचून दाखवलं. तिने एकच गोष्ट काढायला लावली, गावाचं नाव. त्या जागी घालायला माझ्याकडे विणकामाचा नमुना नाही.

मधल्या काळात तिने पुढच्या आठवड्याचा अंक पाठवला होता. हेदरचा निरोप त्यात येणार होता. मी तो आधी शोधला. पोपट सापडला होता. संडासाला हिरवा रंग देऊन झाला होता, जोनच्या मते निळा. निरोप कुठेच नव्हता. शेवटचं सबंध पान पुरुषाच्या स्वेटरच्या नमुन्याने भरलं होतं, बाह्यांसकट.

मी फोन करून विचारलं, "कोणी कप पालथा घातला?"

"रॉसने," हेदर म्हणाली. "मी अजून अर्धंही वाचलं नव्हतं. आणि त्याच्या कपात चहा होता. सगळं टेबल भिजलं."

"मग आता?"

"नियम आहे," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पुन्हा वाचून बघेन."

तेव्हापासून तिचे अंक नेमाने येतात, आणि प्रत्येकाचं शेवटचं पान विणकामाचं असतं.